ब्रेकवाली घोडागाडी आणि एक शीळ

हे मला आत्ताच सांगायचंय. समोरचा चहा गार होतोय, होऊ दे.

झालं असं की सकाळी पुतण्यानं मोबाइलवर एक फोटो पाठवला. परदेशात कुठंतरी तट्टू जोडायची नवीन गाडी निघालीय. तिला ब्रेक आहे, बसायला मऊ सीट आहे, गाडी जमिनीलगत आहे, आणि ज्यानं आयुष्यात कधी लगाम हातात धरला नाही त्यानंही ती बिनधास्त चालवावी म्हणे. खाली त्यानं लिहिलंय, 'काका, बघा काय काय शोध लागतात.' अरे बाबा, हा शोध आपल्या सोलापुरात, भवानी पेठेत लागला होता. सत्तरच्या दशकात. आणि त्या गाडीचा पंचनामा मी स्वतः माझ्या हातानं लिहिलाय!

फोटो बघितला आणि ती सगळी केस डोळ्यांपुढं उभी राहिली. यातल्या कुणा माणसाचं नाव मी लिहिणार नाही. घोडीचं लिहितो, तिची हरकत नसावी. तिचं नाव मैना.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा, नवाकोरा फौजदार. ठाण्यात नवीन माणूस आला की ज्या कामाला कुणी हात लावत नाही ते काम त्याच्याकडं येतं. माझ्याकडं टांगा पासिंग आलं. आजच्या पोरांना माहीत नसेल, पण तेव्हा टांग्याला पोलिसांचा परवाना लागायचा. ठरलेल्या दिवशी सगळे टांगे मैदानात रांगेत उभे राहायचे. आम्ही घोड्याचे खूर बघायचो, पाठीवर जखम आहे का बघायचो, चाक, दिवे, भोंगा बघायचो आणि मग शिक्का. टांगेवाल्याला पितळी बिल्ला मिळायचा, तो छातीवर लावायचा. बिल्ला नाही तर टांगा नाही. इतकं सरळ.

तर एके दिवशी त्या रांगेत एक विचित्रच गाडी आली, घोडं अजून घेतलं नव्हतं म्हणून हातानं ढकलत आणलेली. चार चाकं. मागची दोन स्कूटरची, पुढची दोन छोटी, सगळ्या बाजूंना फिरणारी, मिलमध्ये सुताचे डबे ढकलायच्या ट्रॉलीला असतात तसली. मागच्या चाकांवर जुन्या जीपचे कमानपाटे, म्हणजे वजनानं दबणाऱ्या पोलादी पट्ट्या. पायाखाली ब्रेकचा पेडल. बसायची पाटी इतकी खाली की म्हातारं माणूसही एका पावलात चढेल. मी पासिंग सोडून त्या गाडीभोवती दोन चकरा मारल्या.

बनवणारा मिलमधला फिटर. विणकरांच्या घरातला, घरी तेलुगू बोलणारा, हाताच्या बोटांत कायम ग्रीस. त्याची थोरली बहीण विधवा होती, घरच्या मागावर टॉवेल विणायची आणि गठ्ठे नवी पेठेत पोचवायची. सगळी गल्ली तिला अक्काच म्हणायची. दर खेपेला टांगेवाल्याची मनधरणी, म्हणून भावानं तिच्यासाठी ही गाडी केली होती.

मी त्याला विचारलं, बहिणीनं घोडा कधी हाकलाय का? तो म्हणाला, "साहेब, शिकायला लागू नये म्हणूनच तर गाडी केली. टांगा एका बाजूला कलतो, उलटतो, ही उलटायचीच नाही. मशीन चांगलं असलं की माणूस नवखा चालतो."

मला ते फार पटलं. रजिस्टरमध्ये अशा गाडीला रकानाच नव्हता, म्हणून साहेबांना विचारून पुढच्या पासिंगला बघू असं सांगून मी त्याला परत पाठवलं. तोवर रस्त्यावर आणू नको असंही बजावलं. त्यानं मान हलवली. मान हलवणं आणि ऐकणं यात फरक असतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

पंधरा दिवसांत ठाण्यावर बोंब आली. भवानी पेठेत घोडी उधळली, बाई जखमी. मी आणि आमचे हवालदार सायकली मारत गेलो. हवालदार करमाळ्याकडचे, शेतकरी घरातले, मिशीत हसणारे.

गल्लीत टॉवेलांचा सडा पडला होता. गाडी सार्वजनिक नळापाशी उभी, घोडी एकदम शांत, कान हलवत. अक्काची सासू उंबऱ्यावर बसलेली, मनगट सुजून टम्म. सासूबाईंना दवाखान्यात पाठवलं आणि मी जबाब घ्यायला बसलो. अक्कानं सांगितलं ते साधं होतं. गठ्ठे मागं भरले, सासूबाई मागं चढून बसल्या, त्यांना नवी पेठेत नातेवाइकांकडं जायचं होतं. अक्का पुढं जाऊन लगाम धरणार तेवढ्यात घोडी निघाली. गाडीत पुढं कुणीच नाही. नळापर्यंत पळाली, एकाएकी थांबली आणि सासूबाई खाली पडल्या. नळाच्या पुढं तीस-चाळीस पावलांवर मोठा रस्ता, त्यावर ट्रक आणि एस.टी.

तेवढ्यात फिटर मिलमधून धावत आला. आल्या आल्या म्हणाला, हे त्या चाचाचं काम.

चाचा म्हणजे गल्लीच्या तोंडाशी जो टांगा स्टँड होता तिथला सगळ्यांत जुना टांगेवाला. मैना त्याचीच. वय झालं म्हणून नुकतीच फिटरला विकलेली. तो आता दुसरं तरुण जनावर जोडायचा. फिटरचं म्हणणं असं की ही गाडी चालली तर कुणीही उठून टांगा हाकेल, मग स्टँडवाल्यांना कोण विचारतंय? म्हणून त्यानं मुद्दाम घोडी बिथरवली.

संशय म्हणजे पुरावा नव्हे, हे ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. पण संध्याकाळी खबरही आली. स्टँडला लागून पानाची टपरी होती, तो पानवाला आपणहून ठाण्यात आला. खुर्चीच्या कडेवर बसून हळू आवाजात म्हणाला, "साहेब, चाचा चार दिवसांमागं फिटरला सगळ्यांसमोर म्हनला व्हता की ही गाडी चार दिवसांत जानार. आन आज मी सोता ऐकलं. चाचानं शीळ घातली आन घोडी पळाली."

झालं की! धमकी आहे, हेतू आहे, साक्षीदार आहे. मी जबाब लिहून घेतला, पानवाल्याची सही घेतली. माझी पहिली स्वतंत्र केस एकाच संध्याकाळी उलगडली म्हणून मला रात्री जेवण गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी चाचाला बोलावलं. उंच, सडपातळ माणूस, पांढरी दाढी, छातीवर पितळी बिल्ला घासून घासून आरशासारखा केलेला. उभाच राहिला. मी पाठ केलेले प्रश्न एकामागून एक टाकले. गाडी चार दिवसांत जाईल असं म्हणालास का? म्हणाला, हौ. शीळ घातलीस का? म्हणाला, हौ. बाईचा हात मोडला हे माहीत आहे का? त्यावर त्यानं मान खाली घातली आणि पुन्हा हौ म्हणाला.

बाकी काही सांगायचंय का विचारलं तर नकारार्थी मान.

माझे साहेब, म्हणजे आमचे निरीक्षक, दारात उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, सगळं कबूल करतोय, आता कशाला घोळ घालायचा. बिल्ला जमा करून घ्या आणि अहवाल वर पाठवा. बिल्ला गेला की चाचाचा टांगा उभा राहणार, हे खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं. ते तरुण जनावर विकावं लागणार आणि साठीच्या पुढं हा माणूस दुसरं काय करणार? चाचानं स्वतःच पिन काढली, बिल्ला माझ्या टेबलावर ठेवला. सदऱ्यावर जिथं तो असायचा तिथला कपडा बाकीच्यापेक्षा गडद राहिला होता.

जाताना तो वळला. मला वाटलं आता विनवण्या करणार. तो म्हणाला, "साब, मैना लोखंडकी बादलीमें पानी नहीं पीती. मटका रखो उसकू."

कारण मैना आमच्याकडं होती ना! गाडी आणि घोडी दोन्ही मुद्देमाल. ठाण्याच्या आवारात लिंबाखाली बांधलेली. स्टेशन डायरीत रोज सकाळी एक नोंद, 'मुद्देमाल घोडी सुस्थितीत, वैरण दिली.' ड्यूटीवरचे शिपाई हसायचे. आणि खरंच, आदल्या संध्याकाळपासून तिनं बादलीला तोंड लावलं नव्हतं. हवालदारांनी मडकं आणून ठेवलं आणि तिनं घटाघटा पाणी प्यायलं.

इथं माझ्या मनात पहिल्यांदा काहीतरी खुट्टं झालं. ज्याला ह्या जनावराला बिथरवायचं होतं, तो तिच्या पाण्याची काळजी का करतोय? पण हे मी साहेबांना सांगू शकत नव्हतो. घोडीनं मडक्यातून पाणी प्यायलं हा काही बचावाचा मुद्दा होत नाही.

एक सबब मात्र माझ्याकडं होती. वाहन तपासणी माझ्याच अंगावर होती आणि घटना कशी घडली हे प्रात्यक्षिक करून पाहिल्याशिवाय अहवाल पुरा होत नाही. मी साहेबांकडून एक दिवस मागून घेतला. ते म्हणाले, एकच दिवस, आणि घोडी पळाली तर तिच्यामागं तुम्ही पळायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोकळ्या मैदानात मैनेला गाडी जोडली. दोन पंच उभे केले. पानवाल्यालाही बोलावलं, चाचानं कशी शीळ घातली ती करून दाखव म्हणून. हवालदार लगामाजवळ उभे राहिले, घोडी सुटली तर धरायला. पानवाल्यानं दोन बोटं तोंडात घातली आणि लांब शीळ मारली.

मैना हलली नाही. पुन्हा मारली. तिनं चारही पाय रोवले आणि दगडासारखी उभी राहिली. मी हवालदारांना तिला चालवायला सांगितलं. ती चालायला लागली, पानवाल्यानं शीळ मारली, ती जागच्या जागी थांबली. दुडक्या चालीनं पळवलं, शीळ मारली, पुन्हा थांबली, आणि इतक्या झटक्यानं की मोकळ्या गाडीचं मागचं अंग उडालं.

शीळ ही पळायची खूण नव्हतीच. थांबायची होती!

मी पानवाल्याकडं वळलो. तो घाबरला, त्याला वाटलं मी त्याला खोटा ठरवतोय. मी त्याला सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि पहिल्यांदाच नीट विचारलं. शीळ ऐकली तेव्हा काय करत होतास? म्हणाला, पान लावत होतो, मान खाली होती. मग वर बघितलंस तेव्हा घोडी कुठं होती?

त्यानं पान लावल्यासारखी मान खाली घातली आणि पुन्हा वर केली. मग म्हणाला, "नळाच्या अलीकडं... पळतच व्हती की, साहेब."

म्हणजे अक्काच्या दारापासून नळाच्या जवळ येईपर्यंत ती आधीच पळत आली होती. शीळ त्यानंतरची. ह्या माणसानं आधी आवाज ऐकला, मग मान वर केली, मग घोडी बघितली, आणि डोक्यात त्याच क्रमानं रचून ठेवलं. आवाज झाला म्हणून घोडी पळाली. तो एक अक्षर खोटं बोलला नव्हता. आणि मी तेच सही घेऊन कागदावर पक्कं केलं होतं.

पण मग मैना निघाली कशामुळं? गल्लीत कुत्रं नव्हतं, फटाका नव्हता, कुणी चाबूक मारला नव्हता. मी गाडीच्या चारी बाजूंनी फिरलो. ब्रेक दाबून बघितला, पक्का होता. अर्थात, पाय ठेवला तर. विचार करता करता मी दमून गाडीच्या मागच्या पाटीवर टेकलो.

आणि गाडी निघाली.

अहो, सरळ निघाली! हवालदार पंचांशी बोलायला चार पावलं बाजूला झाले होते. मी मागं तोंड करून बसलेला, टोपी पडली, एक हात पाटीला, एक हात हवेत, आणि मैना मैदानात मस्त दुडक्या चालीनं मला फिरवतेय. पंच हसतायत, पानवाला हसतोय. शेवटी हवालदारांनी शीळ मारली आणि मी, पूर्ण वर्दीत, मातीत.

हवालदार मला उठवायला आले ते हसू दाबतच. म्हणाले, "साहेब, तुमी शेवटचं प्याशिंजर झालासा की."

म्हणजे काय, मी विचारलं. मग त्यांनी मला जमिनीवर काडीनं चित्र काढून समजावलं. बैलगाडीत माल मागं जास्त झाला की पुढचं जू वर उचलतं, त्याला उलाळ म्हणतात. टांग्याचंही तसंच. मागं शेवटचं माणूस बसलं की टांगा मागं दबतो, घोड्याच्या दोन्ही अंगांच्या दांड्या वर उचलतात आणि पोटाखालचा पट्टा आवळतो. स्टँडवरच्या घोड्याला हे रोज दहा वेळा होतं. पट्टा आवळला म्हणजे प्रवासी भरले, चला. त्याला कुणी शिकवत नाही, टांगेवाल्यालाही नंतर तोंडानं चल म्हणावं लागत नाही.

फिटरनं नवख्या हाताखाली दांड्या हलू नयेत म्हणून त्या गाडीच्या सांगाड्याला बोल्टनं घट्ट आवळल्या होत्या. मागं मऊ कमानपाटे. सासूबाई मागं बसल्या, पाटे दबले, दांड्या उचलल्या, पट्टा आवळला. मैनेच्या हिशेबानं टांगा भरला होता.

मिलमध्ये हँडल ओढल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. म्हणून फिटरनं गृहीत धरलं की गाडी सुरू होते ती पुढं बसलेल्याकडून. त्यानं चालवणारा नवखा धरून सगळं केलं होतं. घोडी नवखी नव्हती, एवढंच त्याच्या लक्षात आलं नाही. आणि मी तरी काय, महिनोन् महिने टांगे पास करत होतो, खूर मोजत होतो, पण घोडं निघतं कशानं हे कधी विचारलं नव्हतं.

मी कपडे झटकले आणि तडक चाचाच्या घरी गेलो. ठाण्यात बोलावलं नाही. तो दारात बसून त्या तरुण घोड्याला खरारा करत होता. मी विचारलं, शीळ थांबवायला घातली होतीस, मग बोलला का नाहीस?

त्यानं हात थांबवला नाही. "तुम पूछे, शीटी मार्या क्या. मार्या. बुढीका हाथ टूट्या क्या. टूट्या. मेरी शीटीपेच मैना रुकी, रुकी तो बुढी गिरी. आगे क्या बोलना, साब?"

तेव्हा मला त्याची ती खाली घातलेली मान समजली. आम्ही समजत होतो की तो गुन्हा कबूल करतोय. तो खरंच कबूल करत होता, पण वेगळाच गुन्हा. त्याच्या शिळेनं म्हातारीचा हात मोडला, हे त्याच्या मनात बसलं होतं. पुढच्या ट्रकचा विचार त्यानं केलाच नव्हता. तो मी केला. मी त्याला म्हणालो की मैना थांबली नसती तर आज मी सासूबाईंच्या मरणाचा पंचनामा लिहीत असतो. तो बराच वेळ घोड्याच्या मानेवरून हात फिरवत राहिला.

आणि चार दिवसांचं काय? त्याचंही उत्तर साधं निघालं. घोडी विकताना त्यानं फिटरला सांगितलं होतं की चार दिवस मला येऊ दे, बहिणीला हात धरून शिकवतो, हाकणारा आधी बसल्याशिवाय मागं कुणाला चढू देऊ नको. फिटर म्हणाला, ह्या गाडीला शिकवणी लागत नाही. त्यावर चाचा चिडून म्हणाला, मग चार दिवसांत जाएगी. स्टँडवर सगळ्यांनी शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं.

फिटरला मैदानात नेऊन मी हे सगळं करून दाखवलं. ह्या खेपेला मागं पोतं ठेवलं, मी बसलो नाही. तो गाडीखाली वाकून दांड्यांकडं कितीतरी वेळ बघत राहिला. मग खिशातून पाना काढला. मी म्हटलं थांब, अजून मुद्देमाल आहे. नंतर गाडी परत मिळाल्यावर त्यानं दांड्यांना बिजागरी लावली आणि ब्रेक उलटा केला. स्प्रिंगनं कायम लागलेला, पुढच्यानं पाय ठेवला तरच सुटणारा. आणि अक्का चार दिवस चाचाकडं शिकायला गेली, ती सासूबाईंनी हट्ट धरला म्हणून.

साहेबांनी माझा अहवाल वाचला, माझ्या वर्दीवरची माती बघितली आणि सही केली. मी चाचाला बोलावून बिल्ला पुढं ठेवला. त्यानं तो घेतला नाही.

म्हणाला, त्या पानवाल्याच्या कागदावर काय लिहिलंय ते आधी वाचा. मी वाचलं, शीळ घातली आणि घोडी पळाली. तो म्हणाला, हे खोडा. मी समजावलं, बाबा, घेतलेला जबाब खोडता येत नाही, पण पुरवणी जबाब घेता येतो, तो ह्याच कागदांना जोडून राहतो. तो म्हणाला, मग घ्या, मी बसतो.

पानवाल्याला निरोप गेला. तो आला, चाचाच्या शेजारी बाकावर अंग चोरून बसला. मी लिहिलं, 'मी मान वर केली त्या वेळी घोडी अगोदरच पळत होती. चाचांनी शीळ घातल्यावर ती थांबली.' पानवाल्यानं सही केली. चाचाला अक्षर येत नव्हतं, म्हणून मी मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यानं पुन्हा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचलं. 'थांबली' शब्द आला तेव्हा त्यानं हळूच मान डोलवली, बिल्ला उचलला आणि सदऱ्यावरच्या त्या गडद गोलावर बरोबर लावला.

पुढं सगळी नोकरी मी साक्षीदाराला एक प्रश्न न चुकता विचारला. तुम्ही आधी काय ऐकलं आणि मान वर केली तेव्हा काय चालू होतं? काय झालं हे लोक बहुधा खरंच सांगतात. कशामुळं झालं हे मात्र ते स्वतःच जोडतात, आणि ऐकणारा घाईत असला की तेच कागदावर उतरतं. कबुलीचंही तसंच. माणूस हो म्हणतो तेव्हा तो नक्की कशाला हो म्हणतोय, हे विचारायला एक मिनिट लागतं. मी ते वाचवलं आणि एका माणसाची रोजी टेबलावर काढून ठेवायला लावली.

आता तुम्ही सांगा. जे आधी होतं ते नंतर आणि नंतरचं ते आधी, असं तुमच्याही डोक्यात कधी बसलंय का? आणि त्यावरून कुणावर ठपका ठेवलाय का? ठेवला असेल तर नंतर त्याचं काय केलंत, तेही लिहा.